सिंगापूरमध्ये कंपनी काढायचीय? काय आधी, काय नंतर

सिंगापूरला कंपनी काढणं एकदम सोपंय हे सगळेच सांगतात आणि ते खोटं नाहीये, नाव मंजूर झालं, फी भरली की बहुतेक वेळा त्याच दिवशी कंपनी तयार. पण पुण्यात नाहीतर नाशकात बसून जो माणूस ही कंपनी काढतो त्याची दमछाक रजिस्ट्रेशनला होतच नाही, ती होते तिकडच्या बँक अकाउंटला आणि इकडच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांना. म्हणून भारतातला भाग मुद्दाम मधेच घुसवलाय, तो शेवटी ठेवला की लोक तिथपर्यंत पोचत नाहीत आणि पैसे पाठवून झाल्यावर सीएला फोन करतात.

हे सगळं भारतात राहणाऱ्या आणि भारतातच टॅक्स भरणाऱ्या माणसासाठी आहे. एनआरआय असाल तर पायरी ३ आणि पुढे मधेमधे येणारं भारतातल्या बँकेचं, रिटर्नचं काम तुम्हाला लागू नाही, बाकीचं वाचा.

आणि ही माहिती आहे, सल्ला नाही. फॉर्म भरायच्या आधी फेमाचं, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचं, काम नियमित करणारा सीए गाठाच. नेहमीचा रिटर्न भरणारा सीए चांगला असतो पण हे काम वेगळंय.

पायरी ०: खरंच गरज आहे का?

दक्षिण-पूर्व आशियात गिऱ्हाइकं आहेत, तिकडच्या कंपन्यांना तिकडचंच बिल हवंय, किंवा तुम्ही स्वतः तिकडे शिफ्ट होणार आहात, तर सिंगापूर झकास आहे. कायदा इंग्रजीत, नियम स्पष्ट, सरकारी काम बहुतेक सगळं ऑनलाइन.

पण "टॅक्स वाचवायला सिंगापूर" असं डोक्यात असेल तर जरा थांबा. तिकडे कंपनी टॅक्स सरसकट १७ टक्के आहे. नव्या कंपनीला पहिली तीन असेसमेंट वर्षं सूट मिळते, पहिल्या १ लाख सिंगापूर डॉलर नफ्यातला ७५ टक्के भाग माफ आणि पुढच्या १ लाखातला ५० टक्के माफ. म्हणजे २ लाख डॉलर नफा झाला तर टॅक्स फक्त ७५ हजारांवर लागतो, १२,७५० डॉलर. ऐकायला भारीच आहे. त्यात तिकडे डिव्हिडंडवर टॅक्स नाही, कॅपिटल गेनवरही नाही. पण तोच डिव्हिडंड तुम्हाला मिळाला की तो भारतात तुमच्या स्लॅबने टॅक्सेबल, वरच्या स्लॅबमधे असाल तर ३० टक्के आणि वर सेस. म्हणजे पैसा तिकडेच ठेवून धंद्यात फिरवणार असाल तरच हिशोब बसतो, घरी आणून खर्च करायचा असेल तर एवढा उपद्व्याप कशाला.

अजून एक मेख आहे. ती सूट मिळायला कंपनी सिंगापूरची टॅक्स रेसिडेंट असावी लागते, आणि ते ठरतं कंपनीचे मोठे निर्णय कुठे होतात, बोर्ड मीटिंग कुठे होते यावर. सगळे निर्णय तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमधून घेताय आणि तिकडे फक्त नावाला एक डायरेक्टर बसवलाय, तर तिकडचं टॅक्स खातं, म्हणजे आयआरएएस, रेसिडेंट मानेलच असं नाही. इकडचं इन्कम टॅक्स खातं उलट बाजूने तेच विचारतं, कंपनी खरी चालते कुठून? भारतातून चालत असेल तर तिच्या जगभरच्या उत्पन्नावर भारतात टॅक्स लागू शकतो. वर्षाची उलाढाल ५० कोटी रुपयांच्या आत असलेल्या कंपनीला हा नियम लावणार नाही असं २०१७ च्या सर्क्युलरमधे म्हटलंय, त्यामुळे छोट्या माणसाला त्याची भीती कमी, पण तुम्ही स्वतः भारतात बसून त्या कंपनीचं काम करता त्या कामाच्या टॅक्सचा प्रश्न वेगळा उरतोच.

एकट्याने फ्रीलान्सिंग करणाऱ्याला माझं मत विचाराल तर नको. भारतातली प्रोप्रायटरशिप, एक्स्पोर्टचं जीएसटी एलयूटी (जीएसटी न भरता एक्स्पोर्ट करायचं हमीपत्र) आणि एक धड करंट अकाउंट, यात भागतं.

पायरी १: कोण कोण लागतं ते जमवा

कंपनीचा प्रकार ठरलेला आहे, प्रायव्हेट लिमिटेड, बाकीच्या प्रकारांत डोकं घालू नका. शेअरहोल्डर १ ते ५०, सगळे परदेशी असले तरी चालतं, भांडवल १ सिंगापूर डॉलर असलं तरी चालतं. मग अडतं कुठे, तर एक तरी डायरेक्टर सिंगापूरमधे राहणारा हवा, म्हणजे तिथला नागरिक, पीआर म्हणजे कायमचा रहिवासी, किंवा योग्य वर्क पासवर तिथे राहणारा. तुम्ही भारतात आहात म्हणजे तो तुम्ही नाही. तुम्ही दुसरे डायरेक्टर होऊ शकता, पण तो एक लागतोच.

मग कंपनी सेक्रेटरी, तोही तिथे राहणारा, सहा महिन्यांच्या आत नेमायचा, आणि एकच डायरेक्टर असेल तर तोच सेक्रेटरी चालत नाही. आणि तिथला एक खरा पत्ता, पोस्ट बॉक्स चालत नाही.

ओळखीचा किंवा नात्यातला कोणी तिकडे पीआर असेल तर लोक लगेच म्हणतात, अरे तूच हो ना डायरेक्टर, नुसती सही तर करायचीय. नुसती सही नसते हो. कंपनीने रिटर्न वेळेत भरले नाहीत तर खटला त्या माणसावर होतो, वारंवार झालं तर त्याला दुसऱ्या कंपन्यांत डायरेक्टर राहायला बंदी येते. दादाच्या मेव्हण्याला यात अडकवण्यापेक्षा पैसे देऊन नॉमिनी डायरेक्टर, म्हणजे फी घेऊन नावापुरता डायरेक्टर होणारा तिथला माणूस, घेतलेला बरा, निदान नाती टिकतात.

पायरी २: सर्व्हिस कंपनी निवडा

रजिस्ट्रेशन होतं अक्रा नावाच्या सरकारी खात्याकडे, बिझफाइल या पोर्टलवर, आणि त्याला लॉगिन करायला सिंगपास, म्हणजे तिथली सरकारी डिजिटल ओळख, लागतो जो भारतात बसलेल्या नवीन माणसाकडे नसतो. म्हणून अक्राकडे नोंदलेली कॉर्पोरेट सर्व्हिस कंपनी नेमावीच लागते, तिथे पर्याय नाहीये. नॉमिनी डायरेक्टर, सेक्रेटरी, पत्ता हे सगळं तेच पॅकेजमधे देतात.

९ जून २०२५ पासून या कंपन्यांसाठी नवीन कायदा लागू झालाय. नॉमिनी डायरेक्टरचा धंदा आता फक्त नोंदणीकृत सर्व्हिस कंपनीमार्फतच करता येतो, तो माणूस लायक आहे का हे तपासायची जबाबदारी त्यांच्यावर आहे, आणि अमुक डायरेक्टर नॉमिनी आहे ही माहिती अक्राला द्यावी लागते. त्यामुळे व्हॉट्सअॅपवर कोणी "आमचा माणूस आहे, स्वस्तात करून देतो" म्हणाला तर सरळ विषय संपवा. अक्राच्या साइटवर नाव शोधून रजिस्टर्ड आहे का बघता येतं.

कोटेशन मागताना पहिल्या वर्षाचा आकडा विचारू नका, दुसऱ्या वर्षाचा विचारा. पहिल्या वर्षी सगळे स्वस्त असतात, खरी किंमत रिन्यूअलला कळते. सगळ्यात मोठा खर्च नॉमिनी डायरेक्टरचा असतो, त्यावर डिपॉझिटही घेतात, ते परत कधी आणि कसं मिळणार हे लेखी घ्या. अकाउंटिंग, टॅक्स फाइलिंग पॅकेजमधे आहे का ते विचारा, बहुतेक वेळा नसतं. आणि नॉमिनीला बँकेत सहीचा अधिकार द्यायचा नाही, हे आधीच ठरवून टाका.

कागद फार नाहीत: पासपोर्ट, अलीकडचं बँक स्टेटमेंट किंवा बिल पत्त्यासाठी, धंदा काय ते सांगणारं एक पान, आणि पैसा कुठून येणार त्याचा पुरावा. व्हिडिओ कॉलवर ओळख पटवतात. आधार आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, ते आत्ताच सरळ करा, पुढे बँकेत हेच परत निघतं.

पायरी ३: रजिस्ट्रेशनच्या आधी भारतातल्या बँकेत जा

हो, आधी. लेखात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

परदेशी कंपनीचे शेअर घेणं म्हणजे ओव्हरसीज डायरेक्ट इन्व्हेस्टमेंट, ओडीआय. ऑगस्ट २०२२ मधे याचे नवीन नियम आले. तुम्ही व्यक्ती म्हणून गुंतवताय तर वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलरची जी एलआरएसची, म्हणजे व्यक्तीने परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा आहे त्यातच हे बसतं, मुलीच्या फॉरेनच्या फीचे पैसे पाठवलेत तर तेही त्यातूनच वजा. बँकेत फॉर्म एफसी द्यायचा, त्यावरून रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन म्हणजे एक युनिक नंबर मिळतो, आणि हा नंबर पैसे पाठवायच्या किंवा शेअर घ्यायच्या आधी, जे पहिलं होईल त्याच्या आधी हवा. एक डॉलरची कंपनी असली तरी हे लागू आहे, रक्कम छोटी म्हणून माफी नाही. उशीर झाला तर लेट फी भरून नियमित करता येतं पण तोपर्यंत पुढचे पैसे अडकतात.

शाखा निवडताना घराजवळची नको, फॉरेक्स बघणारी मोठी शाखा गाठा. छोट्या शाखेत ओडीआय म्हटलं की समोरचा आधी एफडीचे दर सांगायला लागतो.

व्यक्तीला काय चालत नाही तेही ऐका. कंपनीने खरा धंदा केला पाहिजे, फायनान्सचा धंदा चालत नाही. पैसे शेअर भांडवल म्हणूनच जातात, कर्ज म्हणून तुम्ही तुमच्याच कंपनीला देऊ शकत नाही. आणि जिच्यावर तुमचा ताबा आहे त्या परदेशी कंपनीखाली आणखी एक कंपनी काढता येत नाही. स्टार्टअपवाल्यांचा स्वप्नातला नकाशा असतो ना, वर सिंगापूर, खाली भारतातली सबसिडिअरी, वरून परदेशी गुंतवणूकदार, तो नकाशा भारतात राहणाऱ्या फाउंडरला व्यक्ती म्हणून बनवता येत नाही, इथेच अडतो. तो रस्ता हवा असेल तर वकिलाकडे जा, सर्व्हिस कंपनीचा सेल्समन हे सांगणार नाही कारण त्याला तिकडचा कायदा माहिती असतो, आपला नाही.

कर्ज चालत नाही म्हणून १ डॉलर भांडवलाचा मोह टाळा. पहिल्या वर्षाचा सगळा खर्च मोजा, सर्व्हिस कंपनी, अकाउंटंट, सॉफ्टवेअर, एखाद-दोन विमान तिकिटं, आणि तेवढं भांडवल एकदाच धरा. नाहीतर प्रत्येक वेळी परत फॉर्म, परत बँकेची चक्कर.

एलआरएसखाली वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलंत तर वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते. तो टॅक्समधे वळता होतो किंवा रिफंड मिळतो, पण तोपर्यंत रोख अडकते, म्हणून मार्चमधे थोडं आणि एप्रिलमधे थोडं असं पाठवता येतंय का बघा.

पायरी ४: नाव आणि रजिस्ट्रेशन

हे पटकन उरकतं. नावाचा अर्ज १५ सिंगापूर डॉलर, मंजूर झालेलं नाव १२० दिवस राखून ठेवतात. बँक, फायनान्स, स्कूल असले शब्द नावात घातलेत तर अर्ज दुसऱ्या खात्याकडे जातो आणि १४ दिवसांपासून दोन महिन्यांपर्यंत लटकतो, म्हणून साधं नाव ठेवा. रजिस्ट्रेशन फी ३०० डॉलर. सरकारी खर्च एवढाच, ३१५.

धंद्याचा पाच आकडी एसएसआयसी कोड निवडावा लागतो. तो घाईत कुठलाही टाकू नका कारण बँक पुढे तोच वाचते, ट्रेडिंगचा कोड आणि बिलं सॉफ्टवेअरची असं दिसलं की प्रश्न सुरू.

कंपनी झाली की यूईएन म्हणजे कंपनीचा नोंदणी नंबर मिळतो आणि बिझनेस प्रोफाइल ईमेलने येतं. कंपनीवर खरा ताबा कोणाचा त्याचं रजिस्टरही करावं लागतं, २५ टक्क्यांवर शेअर असलेले त्यात येतात, ते काम सेक्रेटरी करतो, झालंय ना ते तुम्ही विचारा.

पायरी ५: बँक अकाउंट, इथे धीर धरा

डीबीएस, ओसीबीसी, यूओबी या तिथल्या तीन मोठ्या बँका. अक्रा एका दिवसात कंपनी देते म्हणून बँकही तसं करेल असं समजू नका, परदेशी मालक आणि नॉमिनी डायरेक्टर असलेल्या कंपनीकडे त्या फार बारकाईने बघतात. सगळ्यात नेमका प्रश्न असतो की सिंगापूरच का? त्याला "टॅक्स कमी आहे" हे उत्तर देऊ नका, आणि ते खरं उत्तर असेल तर पायरी ० परत वाचा. गिऱ्हाइकांची नावं, चालू करार, जुनी बिलं, सप्लायर कोण, महिन्याला किती पैसे कुठल्या देशातून येणार, हे एका फाइलमधे तयार ठेवा. काही वेळा प्रत्यक्ष या म्हणतात, तेव्हा तिकीट काढायच्या आधी अपॉइंटमेंट आणि कागदांची यादी ईमेलवर घ्या.

बरेच जण सुरुवातीला एस्पायर, एअरवॉलेक्स, वाइज यांचं अकाउंट उघडतात, लवकर होतं, चालतंही. फक्त हे लक्षात ठेवा की ही बँकेतली ठेव नाही, तिथल्या बँकांमधल्या ठेवींना १ लाख सिंगापूर डॉलरपर्यंत जो विमा असतो तो याला नाही. आणि भांडवलाचे पैसे अशा अकाउंटवर पाठवायला तुमची भारतातली बँक तयार आहे का हे आधी विचारून घ्या.

भांडवल पोचलं की शेअर सर्टिफिकेटची प्रत सहा महिन्यांच्या आत भारतातल्या बँकेत द्यायची. हे लोक हमखास विसरतात.

पायरी ६: कॅलेंडर बनवा

वर्षअखेर तुम्हीच निवडता. मी ३१ मार्च सुचवेन, इकडचं वर्षही तेच असल्याने सीएचं डोकं कमी फिरतं. मग तारखा अशा पडतात: अंदाजे उत्पन्नाचा ईसीआय ३० जूनपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, अक्राचा अॅन्युअल रिटर्न ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि त्याची फी ६० डॉलर. टॅक्स रिटर्न म्हणजे फॉर्म सी-एस ३० नोव्हेंबरला असतो पण पुढच्या वर्षीच्या, म्हणजे मार्च २०२६ ला संपलेल्या वर्षाचा नोव्हेंबर २०२७ ला. इतका वेळ आहे म्हणून कागद हरवतात. अॅन्युअल रिटर्न उशिरा गेला तर तीन महिन्यांपर्यंत ३०० डॉलर, त्यापुढे ६०० डॉलर दंड. पहिलं वर्ष १२ महिन्यांपेक्षा लांबवू नका, लांबवलं तर तीन वर्षांच्या टॅक्स सवलतीतलं एक वर्ष दोन तुकड्यांत वाया जातं.

तिथला जीएसटी ९ टक्के आहे, १ जानेवारी २०२४ पासून. पण उलाढाल १० लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेल्याशिवाय रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नका.

आता ऑडिटची गंमत. छोट्या कंपनीला सिंगापूरमधे ऑडिट माफ आहे, उलाढाल १ कोटी डॉलर, मालमत्ता १ कोटी डॉलर, माणसं ५०, यातल्या दोन मर्यादांच्या आत असलात की झालं. सर्व्हिस कंपनी हे मोठ्या अक्षरात जाहिरातीत लिहिते. पण तुम्हाला भारतात दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत एपीआर नावाचा, कंपनीच्या वर्षभराच्या कामगिरीचा रिपोर्ट द्यायचा असतो, आणि कंपनीवर तुमचा ताबा असेल तर तो ऑडिट झालेल्या हिशोबावरच द्यायचा. म्हणजे तिकडे माफ, इकडे हवंच. हा खर्च पहिल्या दिवशीच बजेटमधे धरा, बऱ्याच जणांना तो दुसऱ्या वर्षी समजतो.

भारताच्या रिटर्नमधे शेड्यूल एफएमधे, हो, ते परदेशी मालमत्तेचं शेड्यूल, तिथे कंपनीचे शेअर आणि सहीचा अधिकार असलेलं अकाउंट दाखवायचं. माहिती लपवली तर ब्लॅक मनी कायद्याखाली दंड १० लाख रुपयांचा असू शकतो. आणि "त्यांना कसं कळणार" असं वाटत असेल तर सिंगापूर आणि भारत बँक खात्यांची माहिती आपोआप एकमेकांना देतात.

पायरी ७: तिकडे राहायला जायचं असेल तर

कंपनी काढली म्हणजे व्हिसा मिळाला असं अजिबात नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा गैरसमज खूप पसरलाय. तुमच्याच कंपनीतून एम्प्लॉयमेंट पासचा अर्ज करता येतो, २०२५ पासून किमान पगार महिन्याला ५,६०० डॉलर, वय वाढेल तसा आकडा चढतो, पंचेचाळिशीत १०,७०० पर्यंत. शिवाय कंपास नावाची गुणपद्धत आहे, ४० गुण लागतात. मॅनेजर-टेक्निकल लेव्हलचे २५ पेक्षा कमी लोक असलेल्या कंपनीला त्यातले २० आपोआप मिळतात, उरलेले २० पगार आणि डिग्रीतून काढायचे. १ डॉलर भांडवलाच्या कंपनीने मालकाला ८ हजार डॉलर पगार दाखवला तर अधिकारी हसणारच.

दुसरा आहे आंत्रेपास, याला किमान पगाराची अट नाही पण कल्पना नावीन्याची किंवा टेक्नॉलॉजीची हवी आणि अर्ज करताना कंपनी सहा महिन्यांच्या आतली हवी. म्हणून हा रस्ता धरायचा असेल तर कंपनी आधी काढून वर्षभर तशीच ठेवू नका. फूड कोर्ट, कॉफी शॉप, मसाज, फेंगशुई असले धंदे यात बसत नाहीत, तेव्हा मिसळीचं दुकान या पासवर काढायचं डोक्यात असेल तर ते राहू द्या.

आणि बंद करायची वेळ आली तर

कंपनी नुसती सोडून द्यायची नाही. देणी फेडायची, बँक अकाउंट रिकामं करून बंद करायचं, टॅक्सचं सगळं क्लिअर करायचं आणि मग अक्राकडे स्ट्राइक ऑफचा, म्हणजे कंपनीचं नाव नोंदीतून काढायचा, अर्ज, त्याला फी नाही पण निदान चार महिने लागतात आणि तोपर्यंत नॉमिनी आणि सेक्रेटरीचं बिल चालूच राहतं, म्हणून रिन्यूअलच्या पाच-सहा महिने आधीच निर्णय घ्या. उरलेले पैसे भारतात आणले की ३० दिवसांच्या आत बँकेला कळवायचं, परत तोच फॉर्म एफसी. यूआयएन बंद झाल्याची पोच बँकेकडून लेखी मागून घ्या, नाहीतर कंपनी नसताना एपीआरची आठवण दर वर्षी येत राहते.